एकास बत्तीस

आपण आकडा द्यायचा, अर्थ डॉक्टर सांगतील, हा आमच्या लॅबच्या मालकांचा नियम. तो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. आणि मी तो निमूट पाळला, याचा संताप वेगळाच.

शाहूपुरीतल्या त्या लॅबमध्ये हुपरीकडून एक सासू-सून यायच्या. सून दुसऱ्यांदा गरोदर, सहावा महिना. तिचा रक्तगट निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अशा वेळी आईच्या रक्तात पोटातल्या बाळाविरुद्धच अँटिबॉडी तयार होऊ शकतात. त्या मोजायच्या म्हणजे रक्तातला पाण्यासारखा भाग दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचा आणि जिथवर अँटिबॉडी दिसतात तो आकडा लिहायचा. आकडा मोठा, तर धोका मोठा. पहिल्यांदा आला एकास चार. महिन्याने एकास बत्तीस.

सासूने रिपोर्ट घेतला. जन्मभर म्हशी राखून डेअरीला दूध घातलेली बाई. आकडा वाचून तिचा चेहराच खुलला.

"एकास बत्तीस म्हंजे निस्तं पाणीच की! लई पातळ झालं गं. कशाला आता डाक्टरकडं खेपा घालायच्या?"

सून हसली. मी काउंटरवर उभी राहून सगळं ऐकलं. मालक शेजारीच होते. "डॉक्टरांना दाखवा हं," एवढं पुटपुटले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. दाखवा म्हणे! कंडक्टर 'पुढे सरका' म्हणतो तसं आम्ही ते दिवसभर म्हणतो. कोण ऐकतंय?

त्या डॉक्टरांकडे गेल्याच नाहीत. तीन आठवड्यांनी बाळ पोटातच गेलं.

पुढे एके दिवशी सासू एकटीच आली. कडाकडा भांडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त तो कागद माझ्यापुढे ठेवला.

"डाक्टर म्हनालं, हे लई जास्त व्हतं. कसं काय वो?"

मालक आतून डोळे वटारत होते. वटारू देत. मी सांगितलं, "मावशी, बत्तीसपट पातळ केलं, तरी ते दिसतच होतं."

तिने आकड्यावर बोट ठेवलं. "म्हंजे एवढं पाणी घालून बी दुधाचा रंग गेला न्हाई. मग मुळात किती दाट असंल ते!"

अर्ध्या मिनिटात कळलं तिला. कागदाची घडी घालत तिने माझ्याकडे पाहिलं.

"एवढंच व्हतं, तर तवा का न्हाई सांगितलासा?"