खिडकीपाशी बसलेली इर्मा

नेब्रास्कातल्या त्या छोट्या गावात इर्मा व्होन्द्राने बावीस वर्षं मेलेल्यांना सजवलं. केस विंचरायचे, टाय बांधायचा, गालांवर थोडा रंग चढवायचा. म्हातारा मालक वारला, अंत्यविधीची सगळी कामं करणारं त्याचं फ्युनरल होम त्याच्या जावयाने हाती घेतलं आणि तिचं जावयाशी पटेना. नोकरी सोडून तिने वडिलांच्या बंद पडलेल्या पेंडीच्या दुकानात तेच काम स्वतःचं म्हणून सुरू केलं.

अडचण कराराची होती. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं जुन्या गिऱ्हाइकांचं ‘सॉलिसिटेशन’ करायचं नाही, यावर तिची सही होती.

"म्हणजे नेमकं काय करायचं नाही?" तिने वकील मिलोश क्रालला विचारलं.

"आपणहून काम मागायला जायचं नाही. लोक आपल्या पायांनी आले तर तुझा दोष नाही. पण पहिला शब्द त्यांचा हवा. आणि मरणाला टेकलेल्याच्या घरी काम मागायला जाणं तर कायद्यानेच बंद आहे, करार असो नसो."

"चर्चमध्ये कुणी तब्येतीचं काढलं तर?"

"चर्चमधले गोड कोलाची पाव खायचे आणि गप्प बसायचं."

इर्माने ते इतकं मनावर घेतलं की कुणी आजारी असलेल्या गल्लीतूनही ती जाईना. तरी मार्चमध्ये ॲग्नेस होलुबचा फोन आला. "नवरा सकाळी गेला. तूच ये. मंगळवारी तू येऊन बसलीस ना, तेव्हाच त्याने मला सांगून ठेवलं."

"मी कधी आले, ॲग्नेस?"

"असं काय करतेस? खिडकीपाशी बसलीस, हात मांडीवर ठेवून. कॉफीलाही हात लावला नाहीस."

मंगळवारी इर्मा बहिणीच्या ऑपरेशनसाठी ओमाहात होती. दुःखात बाई गोंधळली असेल, असं तिने धरलं. पण मेपर्यंत मयत झालेल्या आणखी तीन घरांनी तेच सांगितलं. खिडकी, मांडीवर हात, तोंडातून शब्द नाही.

जावयाने परवाना मंडळाकडे तक्रार केली. चौकशीत ॲग्नेस शांतपणे म्हणाली, "तिने काही मागितलं नाही. बोललीच नाही. मागितलं ते माझ्या नवऱ्याने." ओमाहाच्या दवाखान्यातल्या वहीत त्या मंगळवारची इर्माची सही होती. तक्रार निकाली निघाली. मिलोश खूश झाला. इर्मा घरी आली आणि खिडकीजवळची खुर्ची तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली.

ऑगस्टमध्ये किराणा दुकानात व्लास्ता नेमेत्स भेटली. साठीची, धडधाकट, हातात टरबूज. "काल आलीस आणि न बोलता निघूनही गेलीस. रागावलीस का?"

नेमेत्स घराणं जुन्या फ्युनरल होमचं गिऱ्हाईक. ती गाडीपर्यंत गेली, बसली, उतरली आणि परत आत आली.

"व्लास्ता, मुलाला आजच बोलावून घे. डॉक्टरकडे जा. आणि पुढे काहीही झालं तरी मला बोलवायचं नाही."

व्लास्ता हसली, मग टरबूज खाली ठेवून तिने मुलाला फोन लावला. मुलगा त्याच संध्याकाळी डेन्व्हरहून आला. डॉक्टरांना काही सापडलं नाही. चार दिवस मायलेक अंगणात पत्ते खेळले. पाचव्या दिवशी दुपारी ती खुर्चीतच गेली.

सगळं जुन्या फ्युनरल होमने केलं. अंत्यविधीला इर्मा मागच्या बाकावर बसली. मुलगा येऊन तिचा हात धरून उभा राहिला; तिला आधीच कसं कळलं, ते त्याने विचारलं नाही.

त्यानंतर इर्मा कुणाच्या खिडकीपाशी दिसल्याचं तिच्या कानावर आलं नाही. कदाचित लोकांनीच तिला सांगायचं सोडलं असेल.