सोळा नंबरचा हात

आमच्या हॉस्पिटलात पेशंट भरती करताना जो फॉर्म भरतात, त्याच्या अगदी तळाशी एक ओळ आहे: ‘आध्यात्मिक सोबत हवी का? हो / नाही.’ बहुतेक लोक ती वाचतही नाहीत. पोटात कळा येत असताना आध्यात्मिक कसलं डोंबल सुचतंय! पण त्या एका ओळीवर सोबतीकाकांची एकोणीस वर्षांची नोकरी चालली, आणि त्याच ओळीनं मला चार वर्षं छळलं.

गेल्या महिन्यात तोच फॉर्म हातात घेऊन मी खुद्द काकांच्या कॉटपाशी उभी होते. घशात गाठ निघाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑपरेशन, स्वरयंत्र काढणार. म्हणजे त्यानंतर काका बोलणार नव्हते. आणि मला त्यांना एक गोष्ट विचारायची होती. चार वर्षं रोज समोरासमोर येऊनही ती विचारायची माझी छाती झाली नव्हती. आता एक दुपार शिल्लक होती.

आधी काका कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल कुणी मोठे साधुपुरुष होते. छे! ते ऑपरेशनआधी पेशंटचे केस काढायला यायचे. पोट, छाती, डोकं, जिथं चिरायचं तिथं वस्तरा. आता वस्तऱ्याखाली माणूस पडला की का कोण जाणे, बोलायला लागतो. बायकोशी न बोललेलं, डॉक्टरला न सांगितलेलं, सगळं काकांच्या कानात ओततो. हे मोठ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि एक दिवस काकांच्या खिशाला बिल्ला लागला, ‘सोबती’. वस्तरा सुटला, हातात कापडी पिशवी आली. पिशवीत सगळ्या धर्मांच्या प्रार्थनेची पुस्तकं, प्रत्येकाला वेगळा रुमाल, आणि तळाशी शब्दकोड्याचं एक जुनं पुस्तक, ज्यांना यातलं काहीच नको त्यांच्यासाठी. पेशंटजवळ बसले की एकच प्रश्न, “वाचू, बोलू की गप्प बसू?”

मी त्यांची भारी थट्टा करायची. “काका, तुमचा स्वतःचा देव नक्की कुठला हो?” विचारलं की म्हणायचे, “ड्युटीवर असताना कळत नाही गं, सिस्टर.”

पण एका बाबतीत माणूस कडक. ज्याच्या फॉर्मवर ‘हो’, त्याच्याकडेच जायचं. ‘नाही’वाल्याच्या कॉटपाशी पाऊल थबकायचंसुद्धा नाही. सुरुवातीला एकदा न विचारता कुणाजवळ बसले, तर त्या पेशंटच्या मुलानं सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. आजारी माणसाला पळून जाता येत नाही, त्याच्या गळ्यात कुणी पडू नये, असं काका म्हणायचे. खरंच होतं ते. मला तेव्हाही पटायचं, आजही पटतं, म्हणून तर डोक्याचा भुगा होतो.

तर मी म्हटलं, “काका, ही खालची ओळ राहिली.”

“दिसली मला.” आवाज आधीच फाटलेला, निव्वळ फुसफुस.

“मग करा की खूण. दोनच तर आहेत.”

“तेच तर. दोनच आहेत.”

मानेचे केस काढायचे होते. ते दुसऱ्या कुणाला वस्तरा लावू देईनात. म्हणाले, माझी मान, मीच काढणार. मग काय, मी आरसा धरून उभी राहिले आणि ते साबण लावायला लागले.

“एकोणीस वर्षं हा फॉर्म वाचला,” ते म्हणाले, “भरायची वेळ आज आली. हो म्हटलं तर येणार कोण? मीच ना?” हसायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं. “सकाळपासून तीनदा पेन उचललं बघ. भीती वाटतेय? वाटतेय. कुणी यावं? यावं. आणि कुणी येऊन ‘वाचू का’ म्हणालं तर उशी फेकून मारीन. आता याची खूण कुठं करू, तूच सांग.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

“मला वाटायचं,” ते म्हणाले, “नाही म्हणजे नाही. माणसानं विचार करून खूण केलीय.”

“अहो, कसला विचार!” मी एकदम ओरडलेच. समोरच्या कॉटवरचा म्हातारा दचकून उठून बसला. “निम्मे फॉर्म नातेवाईक भरतात. उभ्या उभ्या. माझ्या बाबांचा मी भरला होता.”

झालं. निघालं तोंडातून.

माझे बाबा. आयुष्यभर दारोदार विजेचे मीटर वाचत फिरले. देवाचं नाव काढलं की खेकसायचे. मग मी त्यांना विचारायचं तरी कशाला? केली ‘नाही’वर खूण, दिला फॉर्म. याच वॉर्डात सोळा नंबरची कॉट, दाराजवळची. मी तेव्हा बायकांच्या वॉर्डात होते, घरच्या पेशंटवर ड्युटी लावत नाहीत. सकाळ-संध्याकाळ डोकावून जायची. नवव्या दिवशी बाबा म्हणाले, “तो पिशवीवाला सगळीकडे जातो, माझ्याकडे का येत नाही गं?” मी हसले. म्हटलं, “तुम्हाला कशाला हवाय तो?” बाबा नुसते “हं” म्हणाले आणि भिंतीकडे वळले. अकराव्या दिवशी गेले.

नंतर सतरा नंबरचा पेशंट मला म्हणाला होता, “पिशवीवाला बसलेला असायचा की त्यांच्याजवळ.” पण त्याला तेव्हा झोपेची औषधं चालू होती, त्याचं काय खरं मानायचं! तरी तेवढ्या एका वाक्यावर मी चार वर्षं काढली. विचारलं नाही तोवर निम्मं ‘हो’ तरी माझ्या पदरात होतं.

“काका,” मी म्हटलं, “शेवटच्या दोन दिवसांत तुम्ही बाबांजवळ बसलात का? एकदा तरी?”

वस्तरा थांबला. मान अर्धी झालेली, अर्ध्या मानेवर साबण.

“सोळा नंबर,” ते म्हणाले. “जाड चष्मा. काळ्या काड्यांचा.”

“हो.”

“नाही बसलो. कागदावर ‘नाही’ होतं.”

“सतरा नंबरचा म्हणाला...”

“सतराजवळ बसायचो. खुर्ची दोन कॉटांच्या मधे असायची. माझी पाठ तुझ्या बाबांकडे.”

खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? उद्या आवाजच जाणार होता, मी काय उलटतपासणी घेणार होते? पण नाही. आणि तेवढ्यावरही थांबले नाहीत.

“हात करायचे ते मला,” काका म्हणाले. “येता-जाता. मीही करायचो. मला वाटायचं, काय भला माणूस आहे, यातलं काही नको असूनही ओळख ठेवतो.” मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, “बोलवत होते का गं ते?”

“मला काय विचारता!” मी आरसा कॉटवर आपटला आणि तरातरा चालती झाले. चादरींच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि ढसाढसा रडले. राग कुणाचा येत होता तेच कळेना. काकांचा? त्या मेल्या फॉर्मचा? माझा स्वतःचा? की बाबांचा? चहा हवा असला की तीन घरं पलीकडे ऐकू जाईल अशी हाक मारणारा माणूस. त्याला “ये रे, बस” म्हणता आलं नाही? की खरंच नुसता हात करत होते? मीटर वाचणारा माणूस, रस्त्यात दिसेल त्याला हात करायचाच. एकदा वाटे हे, एकदा वाटे ते.

शेवटी तोंड धुऊन परत गेले, कारण मान अर्धीच झाली होती आणि ऑपरेशन थिएटरवाल्यांनी मला फाडून खाल्लं असतं. काका तसेच बसले होते, साबण सुकून पापुद्रे निघालेले. मी वस्तरा हातात घेतला. त्यांनी मान वर केली.

माझी ड्युटी दोनला संपत होती. मी गेले नाही. स्टूल ओढून बसले. काय करतात बसून, मला कुठं ठाऊक? पिशवीला हात लावायची सोय नव्हती, उशी बसली असती. मग ड्रेसिंगच्या गॉझचे तुकडे घेतले आणि घड्या घालत बसले. बऱ्याच वेळानं काका म्हणाले, “वाकड्या घालतेस.” मी म्हटलं, “गप्प पडा.” संध्याकाळच्या जेवणाची गाडी येईपर्यंत एवढंच काय ते बोलणं झालं. त्यांना बरं वाटलं की मी नुसती छाताडावर बसले होते, देव जाणे. मी विचारलं नाही.

सकाळी साडेआठला ट्रॉली आली. ट्रॉली ढकलणारा थिएटरचा मामा कागद चाळून म्हणाला, “सिस्टर, यात एक ओळ कोरी आहे.”

“राहू दे,” मी म्हटलं.

गुंगीच्या सुईनं काकांची जीभ जड झाली होती, डोळे मात्र उघडे. मी टेबलापाशी थर्मामीटरचा ट्रे घेऊन उभी होते. ट्रॉली दाराशी पोचली, सोळा नंबरच्या बाजूला, आणि चादरीखालून काकांचा हात बाहेर आला. माझ्याकडे बघत त्यांनी हात वर केला.

सवयीनं माझाही हात वर जायला निघाला. अर्ध्यावर थांबला. येतो म्हणत होते की ये म्हणत होते? मला काही म्हणजे काही कळेना. मी ट्रे टेबलावर ठेवला, धावत गेले आणि ट्रॉलीचा दांडा धरला.

“सिस्टर, तुम्ही कुठं?” मामा म्हणाला.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “चल तू.”