शेंदराखालची बाई

मी दहा वर्षांची असताना एक बैल मारला. निदान आमचं गाव चाळीस वर्षं तसं मानत आलं, आणि तसं मानणाऱ्यांत माझी आईही आली.

गाव पिरनवाडीच्या पुढे, खानापूरच्या अंगाला. तळ्याच्या बांधावर वीराचा कट्टा आणि कट्ट्यावर कमरेएवढा उभा दगड, शेंदराने माखून माखून नुसता लाल गोळा झालेला. हा वीर म्हणजे पाटलांच्या घराचा मूळ पुरुष, लढाईत पडलेला, असं सगळे सांगत. दर अमावस्येला पाटलांच्या घरातला कर्ता पुरुष त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावणार. जत्रेत पहिला नारळही त्यांचाच. बायकांनी नमस्कार खालूनच करायचा, कारण वीराला बाईचा विटाळ चालत नाही म्हणे. एकदा आमच्या शेळीचं करडू कट्ट्यावर चढलं, त्याला धरायला मी चढले, तोल गेला आणि दगडाला हात टेकला. तळव्याचा शेंदूर घरी येऊन राखेने घासून काढला, पण तोवर चार लोकांनी पाहिला होता.

आठव्या दिवशी आमचा बैल पोट फुगून मेला. कोवळ्या ज्वारीत तोंड घातलं होतं त्याने, पण ते कुणाला ऐकायचं होतं? शिक्षा मला नाही, आईला झाली. पोरीला वळण लावलं नाही म्हणून तिला ओल्या लुगड्याने कट्ट्याच्या खालच्या पायरीवर नाक घासायला लावलं. मी बाजूला उभी होते. घरी आल्यावर ती मला बडवून काढेल असं वाटलं होतं. तिने हात लावला नाही, आणि त्यानंतर बैलाचा विषयही कधी काढला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे शिकले, बेळगावात शाळेवर लागले, खासबागेत घर केलं. शिकवते इतिहासच. आणि कबूल करायचं तर सगळंच करते: मुलांची सहल घेऊन मी दोनदा त्या कट्ट्यापाशी गेले आणि पाटलांच्या पूर्वजाची गोष्ट डोळे मिटून सांगितली. मुलगे वर चढले, मुलींना मी खाली उभं केलं. मी, जिच्या आईने तिथे नाक घासलं होतं! त्याची लाज मला बैलापेक्षा जास्त वाटते.

गेल्या वर्षी आईचा फोन आला, की वीराने खोळ टाकली आहे, येऊन बघून जा. वर्षानुवर्षांचा शेंदूर कधीतरी आपल्या वजनानेच सुटून पडतो. मग ती खोळ वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडतात आणि दगडाला नवा लेप चढवतात. मी सुट्टी टाकून गेले. अमावस्या दुसऱ्या दिवशीच होती. कट्ट्यापाशी दहापंधरा बाप्ये जमले होते. पाटलांच्या घरचे थोरले, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, ते शेंदराचं पातेलं तयार ठेवून बसले होते.

मी खालूनच पाहिलं आणि पाय तिथेच थांबले. वीरगळ होता तो, लढाईत पडलेल्याच्या आठवणीचा कोरीव दगड, तीन टप्प्यांचा. वरच्या टप्प्यात शिवलिंग आणि चंद्र-सूर्य. मधल्यात अप्सरा मेलेल्या वीराला स्वर्गात नेतायत. खालच्यात लढाई, आणि लढणाऱ्याच्या मागे गाईंचा कळप. कुणी गुरं पळवायला आले होते आणि ही व्यक्ती आडवी आली होती. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. अंबाडा होता, पण तो जुन्या दगडांवर पुरुषांनाही असतो, म्हणून तो मी पुरावा धरला नाही. छाती मात्र बाईची होती, आणि कमरेला निऱ्या काढून कसलेलं लुगडं.

मी सरळ सांगितलं, ही बाई आहे. आधी हसले. मग एकाने सतीचा दगड असेल म्हणून सोडवणूक केली. सतीच्या दगडावर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात असतो, मी म्हटलं, हिच्या हातात तलवार आहे, ही कुणाच्या मागे मेलेली नाही. मग मागून कुणी विचारलं, बाई मराठी की कानडी? आमच्या भागात मेलेल्यालाही हे विचारल्याशिवाय सोडत नाहीत. दगडावर अक्षर एकही नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडचे गप्प बसले.

अण्णा चिडले नव्हते, तेच मला जास्त झोंबलं. त्यांनी मला समजावणीच्या सुरात सांगितलं, "दगड त्योच हाय. तू शिकलीस म्हणून देव बदलत न्हाय. उद्या सकाळी लेप चढवायचा."

मी म्हटलं, नारळाचा मान ठेवा तुमच्याकडे. बाई असली म्हणून ती तुमची पूर्वज नसेल असं थोडंच आहे? ते पातेल्यावर झाकण ठेवून उठले. एकदा लेप चढला की माझ्या हयातीत तो पुन्हा पडणार नव्हता.

घरी येऊन मी आईपुढे मनसोक्त तणतणले. ती शेंगा फोडत ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, खालच्या बाजूला काय काढलंय म्हणालीस? गाई, मी म्हटलं. गुरं वाचवताना मेली ती. आईचा हात थांबला. मग ती पुन्हा शेंगा फोडू लागली आणि मला तिचा रागच आला.

सकाळी उठून पाहते तर आई ट्रंकेतला इरकली खण, नारळ आणि तांदूळ ताटात घेऊन तयार. मी तिच्या मागे धावले. अण्णा आणि मंडळी बांधावर पोचायच्या आत पंचाहत्तर वर्षांची माझी आई माझ्या खांद्याला धरून कट्ट्यावर चढली होती. तिने त्या बाईला हळद-कुंकू लावलं, खण-नारळ पायाशी ठेवून ओटी भरली. विधवेनं ओटी भरायची नसते, खालून कुणी ओरडलं. आईने मान वळवून सांगितलं की हिचाही नवरा दगडात कुठं दिसत नाही.

अण्णा पातेलं घेऊन पायरीशी थांबले. लेप लावायचा तर आधी ओटी उचलायला हवी, आणि देवीपुढची भरलेली ओटी उचलून बाजूला ठेवायला आमच्या गावातला एकही बाप्या धजणार नाही. आईला ते पक्कं ठाऊक होतं.

"उचला की अण्णा," ती म्हणाली. "मी काय अडवत न्हाय."

कुणी पुढे झालं नाही. थोड्या वेळाने अण्णांनी पातेलं खाली ठेवलं आणि पायातली चप्पल काढली.

उतरताना आई खालच्या पायरीवर टेकली, त्याच पायरीवर. मला वाटलं दम लागला असेल. तिने माझा हात धरून जवळ बसवलं, तळवा उलटा करून पाहिला. चाळीस वर्षांपूर्वी शेंदूर लागलेला तोच तळवा.

"गाईंपायी जिनं जीव दिला," ती म्हणाली, "ती आपला बैल कशाला मारंल गं?"