आत्याची पेटी
संत्र्याच्या सालाचा वास बोटांना चिकटला की वरूडचं आमचं अंगण आठवतं. दर हंगामात बाबा निवडक संत्र्यांची एक पेटी दक्षिण आफ्रिकेतल्या आत्याच्या नावानं बाजूला काढत. मग, "तिकडं माल धाडाले सरकारची बंदी हाय," म्हणत ती गल्लीत वाटून टाकत. एका सकाळी रेडिओवर बातमी आली, वर्णभेदापायी घातलेली व्यापारबंदी उठली, तिकडं जहाजं सुरू होणार. आई हरखली, "आता धाडा न पेटी!" बाबा पेटीत गवत अंथरत राहिले. खाली बघतच म्हणाले, "पत्ता कुठं हाय तिचा? रागानं गेली, तवापासून एक चिठ्ठी नाई." पुढच्या हंगामात पेटी निघालीच नाही. परवा शेजारणीनं मला विचारलं, "पोरगा कावून येत नाई तुमचा?" मी बाबांसारखंच चटकन म्हणाले, "सुट्टीच नाई भेटत त्याले."