सरकारनं घासाघीस केली नाही

मी आयुष्यात एकदाच भाव करताना हरलो, आणि समोर सरकार होतं.

गंगापूरला माझं मोटारपंपांचं दुकान आहे (सुरुवात सायकलवर वायसर विकण्यापासून, हे मी कुणी न विचारताही सांगतो). दुकानात पंपच पंप आणि शेतातल्या मोसंबीला पाणी नाही! दोन उन्हाळे बाग टँकरवर जगवली. तिसरा तिला झेपणार नव्हता. तिकडे शेजारच्या गावच्या मेहुण्यानं, सुधाकरनं, सरकारी योजनेतून गुपचूप शेततळं केलं. मला सांगितलं कधी? तळं भरल्यावर! वर विचारतो, "दाजी, टँकरचं पाणी गोड लागतं का हो?"

तो दिवस मी विसरलेलो नाही. चार कार्यालयं पालथी घालून योजना शोधली. अर्ज भरताना बायको म्हणाली, वीस बाय वीस मीटर पुरे. मी तीस लिहायला लावलं. आपण तीस म्हणायचं, ते दहा म्हणणार, वीसवर तुटणार. जग असंच चालतं.

"सरकार काय तुमचं गिऱ्हाईक हाय?" ती म्हणाली.

सोडतीत नाव लागलं. मंजुरी आली. तीस बाय तीस! एका शब्दाची घासाघीस नाही! मी तडक कृषी सहायक मॅडमकडे गेलो आणि आवाज चढवून वीसची मागणी केली.

"काका, तीस तुम्हीच मागितलं," त्या म्हणाल्या. "कमी पाहिजे तर अर्ज रद्द करा, पुन्हा सोडतीत या."

शेतात टेप धरला, तर तळ्याचा एक कोपरा माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये निघाला. नेमका माझ्या दुपारच्या खाटेखाली!

खोदाई आधी आपल्या खर्चानं, अनुदान मागून. म्हणून बँक गाठली. आता मी शहाणा झालो होतो. लागेल तेवढाच नेमका आकडा सांगितला. मॅनेजरनं तो अर्धा केला! मी टेबलावर हात आपटला. बायकोनं मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दहा मिनिटांत पूर्ण कर्जाचं ठरवून आली.

"काय बोललीस?"

"काय नाय. तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर शेततळ्याच्या कर्जाचा कागद लावलाय. त्यात बसतं का, इचारलं."

शेड गेलं, खाट गेली, तळं झालं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरलं. उन्हाळ्यात माझी मोसंबी हिरवीगार, आणि सुधाकरच्या वीस बाय वीसमध्ये नुसता गाळ! आला पाणी मागायला. मी म्हटलं, फुकट ने. पण सगळ्या सोयऱ्यांसमोर दाजींचं तळं मोठं म्हणायचं. पाच वेळा! (तीनवर तुटेल, हे मी धरूनच होतो.) तीनवरच तुटलं. अखेर जिंकलो!

पुढच्या रविवारी त्याच्या नातवाच्या जावळाला पंगत बसली आणि सुधाकर उभा राहिला. "दाजींचं तळं माझ्यापेक्षा मोठं हाय," तो म्हणाला, "कारण दाजींना सरकारशी भाव करता आला नाय."

सौदा म्हणजे सौदा. त्यानं ते तीन वेळा म्हटलं. तिसऱ्या वेळी बायकोही त्याच्याबरोबर म्हणत होती.