तिला शिव्या, मला अंगठा

नाटकवाली माणसं एकत्र आली की चहा संपतो, किस्से संपत नाहीत. आमचा ग्रुप रबाळ्याच्या एका रिकाम्या गाळ्यात दर रविवारी तालीम करतो. पूर्वी तिथं सगळ्यांचे किस्से निघायचे. सुजाताला ऑनलाइन शिव्या पडायला लागल्या, तेव्हापासून फक्त तिचेच निघतात. ती नावड्याची, मी करंजाड्याची, आणि दोघी एकाच वर्षी ग्रुपमध्ये आलो. मी संवाद पाठ करून बोलते. ती रस्त्यावर जाऊन गप्प बसते. नाव तिचं झालं.

*

सुरुवात पनवेलच्या भाजी मार्केटात झाली. तोंडाला चिकटपट्टी लावून सुजाता खुर्चीवर बसली. गळ्यात पाटी, 'तुम्ही बोला, मी ऐकते.' लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. मग एक काकू समोर बसल्या आणि सुनेबद्दल जे सुरू झाल्या, ते पिशवीतली मेथी सुकेपर्यंत. शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "तुझ्यासारखी सून पाहिजे होती."

व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि खाली घाण ओतली गेली. 'हिला कोणीतरी कामाला लावा.' 'ही कला असेल तर आमची म्हैसपण कलाकार.' आमचे दिग्दर्शक दिलीपदादा एकेक वाचत होते, सगळे हळहळत होते. मी गुपचूप माझा मोबाईल बघितला. माझ्या एकपात्रीच्या व्हिडिओखाली एकच कमेंट होती, 'नाइस'. आत्याची. शेजारी एक अंगठा, तोही आत्याचाच.

*

"उत्तरं देत बसू नकोस, डोक्याला ताप नुसता," दादा तिला म्हणाले. तिनं ऐकलं नाही. शिवी देणाऱ्या प्रत्येकाला तिनं एकच विचारलं, 'जेवलात का?'

बरेच जण आणखी चिडले. पण 'लाज नाही का तुला' लिहिणाऱ्या एकानं उत्तर दिलं, 'नाही, आज डबा आला नाही.'

'मग बाहेर काहीतरी खाऊन घ्या. पित्त होतं.'

'ओके ताई.'

दुसऱ्या दिवशी त्याचाच मेसेज आला, 'जेवलो.' गाळ्यात सगळे हसून लोळले. मीपण हसले, थोडी उशिरा.

*

मग मीही ठरवलं, काहीतरी खळबळजनक करायचं. आमच्या सोसायटीच्या गेटसमोर खुर्चीवर बसून मी आरशाचे तुकडे जोडत राहिले, नवऱ्याला शूटिंगला उभं केलं. व्हिडिओ टाकला आणि भांडायच्या तयारीनं वाट बघत बसले. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला, 'वैशाली मॅडम, खुर्ची क्लबहाऊसची आहे, जागेवर ठेवावी.'

बस. एवढीच खळबळ.

*

पुढे लोक तिच्या आडनावावरून जातीवर घसरले. ते दादांनी मोठ्यानं वाचलं नाही. सुजाता तालमीला यायची बंद झाली, म्हणून मी नावड्याला तिच्या घरी गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली तिची बक्षिसं. तिच्या आई मूळच्या नांदेडकडच्या. चहा देताना त्यांनी हळूच विचारलं, "तुला बी येतंय का गं असलं?"

"नाही मावशी."

"बरं हाय बाई. तुझं बरं चाललंय मग."

त्या मनापासून म्हणाल्या. समोर मैत्रीण अशी पडलेली, आणि माझं लक्ष तिच्या बक्षिसांवर होतं.

*

नंतर तिनं वाशीला एक प्रयोग केला. हॉलच्या मधोमध पांढरी साडी नेसून उभी राहिली. साडीवर कापडी पट्ट्या टाचलेल्या, प्रत्येकीवर तिला आलेली एक कमेंट. प्रेक्षकानं पुढं यायचं, एक पट्टी काढायची आणि तिच्या डोळ्यांत बघून वाचायची. नियम एवढाच.

मोबाईलवर जे सहज लिहिलं गेलं होतं, ते कोणाच्या तोंडून निघेना. एक कॉलेजची मुलगी अर्ध्यात रडली. एका काकांनी पट्टी वाचून खिशात घातली आणि म्हणाले, "हे मी नाही वाचणार, पोरी." सुजाता जागची हलली नाही. तिच्या आई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या.

माझी पाळी आली तशी तिनं डावा खांदा किंचित पुढे केला. तिथली पट्टी मी काढली. वाचली. पुन्हा वाचली. मग तिच्या डोळ्यांत बघून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "हिच्यापेक्षा हिच्या ग्रुपमधली ती वैशाली कितीतरी पटीनं भारी आहे."

हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. सुजाताच्या ओठांची कड जराशी हलली, बाकी चेहरा तसाच.

घरी येऊन मी तिच्या एकूण एक व्हिडिओखालच्या सगळ्या कमेंट्स वाचून काढल्या. ती कमेंट कुठंच नव्हती.