जागेवाल्याचा नारळ

लोअर परळच्या त्या मॉलमध्ये मी गणपतीच्या आधी थोड्या दिवसांसाठी दुकान भाड्यानं घेतलं, तेव्हा आमच्या लालबागच्या चाळीत सगळ्यांना वाटलं, हिला माज आलाय. पॉप-अप म्हणतात त्याला. आपला माल आणायचा, मांडायचा, विकायचा आणि मुदत संपली की गाशा गुंडाळायचा. दुसऱ्या दिवशी त्याच जागेत कोणीतरी साबण नाहीतर चॉकलेटं विकत बसतो. मी जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवते. चाळीतल्या बायका फुकट दिल्या तरी त्यात दहा खोड्या काढतील, पण मॉलमधल्या बायकांना म्हणे असलं काहीतरी हवंच असतं. धंद्यासाठी घेतलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. थाप होती ती. मला त्या फाटकाच्या आत जायचं होतं.

त्या आवारात पूर्वी गिरणी होती आणि माझे बाबा तिथे मागावर होते. गिरणी गेली, मॉल आला, बाबा म्हातारे झाले आणि शेवटी शेवटी त्यांच्या डोक्यातून मधली सगळी वर्षं पुसून गेली. पहाटे उठायचे, आईकडे डबा मागायचे आणि पहिल्या पाळीला निघायचे. आई वाद घालायची नाही. डबा भरून द्यायची, आणि मी त्यांच्या मागोमाग जायची. फाटकावरचा वॉचमन हात आडवा करून म्हणायचा, "काका, अभी बंद है." बाबा त्याच्यावर खेकसायचे, "बंद कसा? भोंगो झालो मगाशीच!" एका पहाटे ते त्याच फाटकाशी फुटपाथवर बसले. डबा मांडीवर घेतला. मी दोन पावलं मागे होते. पुढ्यात जाऊन वाकले तर सगळं संपलं होतं.

तेव्हापासून आईनं त्या रस्त्यावर पाय ठेवला नाही. बस तिकडून जाणार असेल तर ही दुसऱ्या बसची वाट बघणार. क्रियाकर्म सगळं रीतसर झालं होतं, गावी जाऊन देवाला कौलही लावून झाला होता. तरी तिचं पालुपद एकच. "ते अजून भायरच उभे आसत गो. आत कोणी घेवक नाय, आणि घराकय येवक नाय." मी वैतागायची. मेलेलं माणूस मॉलच्या दारात कशाला उभं राहील, मॉलमध्ये त्यांचं होतं काय? पण त्या फाटकावरून जाताना मान मात्र मी खाली घालायची, हे तिला कधी बोलले नाही.

दुकान घेतल्याचं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "जागेवाल्याक नारळ ठेव." आमच्या मालवणी माणसांत कुठल्याही नव्या जागेत पाऊल टाकायच्या आधी त्या जागेच्या राखणदाराला विचारावं लागतं. तो जागेवाला. कागदावर मालक कोणी असो, जागा त्याची. त्याच्यापुढे नारळ ठेवायचा, "मी आलेय, सांभाळून घे" असं सांगणं करायचं आणि निघताना तो नारळ फोडायचा.

मॉलमध्ये फ्लोअर बघणारी एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "मॅम, अगरबत्ती नको, दिवा नको, नारळ फोडणं तर अजिबातच नको. सेन्सर वाजतात." म्हटलं, बाई गं, ठेवला तर वाजतात का? ती शेजारच्या दुकानाकडे वळली.

माझ्या दुकानात मधोमध गिरणीचा जुना लोखंडी खांब होता. काळा रंग देऊन त्याला देखणा केलेला. डोक्याच्या उंचीवर एक वाकडा हूक मात्र तसाच राहिला होता. बाबा सांगायचे, आम्ही सदरे खांबाला टांगायचो. आता असे हूक शेकड्यांनी असतील आणि त्यावर हजारोंचे सदरे लटकले असतील, हे काय मला कळत नव्हतं? तरीही मी पिशवी त्यालाच अडकवली. खांबाच्या पायथ्याशी पडद्याआड नारळ ठेवला, हात जोडले, आणि तोंडातून भलतंच आलं. "बाबा, मी आलेय. आता तुम्हीच सांभाळा ही जागा."

मी भुताखेतांतली बाई नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर तेलाचा आणि ओल्या सुताचा वास आला. बाबांच्या बनियनला यायचा तोच. मॉलमध्ये नुसती सेंटची घमघम असते, तिथे हा वास यायचा कुठून? गोधड्यांवर गिरणीत उडते तशी कापसाची बारीक तूस पडलेली असायची. माझ्या गोधडीत कापूस नसतोच, साडीवर साडी टाकून शिवते मी. मी एसीवाल्याला बोलावून झापलं. त्यानं जाळी काढून दाखवली, आरशासारखी स्वच्छ होती. मी तूस झटकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतीच.

भीती वाटली का? सांगू? बरं वाटलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की मी खांबाशी बोलायची. "बघा बाबा, त्या बाईनं गोधडी दहादा उलटीपालटी केली आणि गेली. डोंबल तिचं!" चहा मागवला की अर्धा कप पडद्याआड ठेवायची. आत आले होते ना ते, एकदाचे. आता कोण हात आडवा लावतंय बघू, असं मनात यायचं.

मुदत संपत आली तेव्हा एकदा जेवताना मी हे सगळं आईला हसत हसत सांगितलं. वाटलं, तिला आनंद होईल. नारळ ठेवताना काय बोलले तेही सांगितलं. आईच्या हातातला घास ताटात पडला.

"नाव कोणाचा घेतलंस?"

"बाबांचं. तोंडात आलं ते बोलले."

"अगो मेले, काय केलंस ह्या! तेंका थंयसर जागेवालो करून ठेवलंस! जागेवालो जागा सोडून जाता काय कधी? ते भायर होते तवसर घराक येतीत अशी आस होती माका."

 मला एवढंच दिसत होतं की परवा माझ्या गोधड्या खोक्यांत जाणार, त्या खांबाशी कोणी साबण मांडणार, आणि बाबा तिथेच. ना कोणी चहा ठेवणार, ना कोणी बोलणार. भूत नसतं म्हणणारी मी आईला विचारत होते, आता काय करायचं?

शेवटच्या दिवशी आई आली. नऊवारी नेसून, माझा हात घट्ट धरून. फाटकाशी ती थांबली. वॉचमननं दार उघडून "वेलकम मॅडम" म्हटलं. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आता म्हणतंस?" एवढंच म्हणाली आणि आत शिरली. त्या बिचाऱ्याला काय कळणार होतं!

दुकान निम्मं उतरवून झालं होतं. आई खांबापाशी गेली, पडदा सारला आणि गाऱ्हाणं घालायला उभी राहिली. गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मोठ्यानं सांगणं, खरं तर आमच्याकडे पुरुष घालतात. ती म्हणाली, "बा जागेवाल्या म्हाराजा, नारळ तुझो होतो. ह्या चेडवान माझ्या घोवाच्या नावान ठेवल्यान. अजाण आसा ता, तेची चूक पदरात घे. तुझी जागा तुका, माझो माणूस माका. तेंची पाळी कधीच संपली, म्हाराजा. आता तेंका मोकळे कर."

मग ती थांबली. गाऱ्हाण्याला कोणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणावं लागतं, नाहीतर ते पोचत नाही. फ्लोअरवाली मुलगी लगबगीनं आली, "मॅम, इथे असं काही—" मी तिच्यावर ओरडले, "गप गं जरा!" आणि वळून खांबाकडे बघत म्हटलं, "व्हय म्हाराजा."  रडायला येत होतं. बरं वाटणं संपलं, हे मला तिथेच समजलं.

मॉलमध्ये फोडता येत नव्हता, तेव्हा नारळ घरच्या उंबऱ्यावर फोडायचा म्हणून आईनं तो ओटीत घेतला. पिशवी काढली आणि हूक रिकामा झाला. आम्ही टॅक्सी केली. आई एका दाराशी बसली, मी मधे पाय पसरून.

"वायच सरक," आई म्हणाली. "तेंका बसाक दी."

एरवी मी तिला दोन शब्द सुनावले असते. मी दाराला चिकटून बसले. लालबागपर्यंत आम्ही दोघी मधल्या जागेकडे न बघता आपापल्या खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

चाळीसमोर आई उतरली. तिच्या बाजूचं दार उघडंच होतं. मीही माझ्या बाजूनं उतरले. मागून गाड्यांचे हॉर्न सुरू झाले आणि टॅक्सीवाला वैतागून म्हणाला, "अहो, दार लावा की."

"थांबा हो जरा," मी म्हटलं. "माणूस उतरतंय."